मितेशचा अर्धवट गेम

दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. करावे गावच्या खाडीकाठी सगळे ताटकळले होते. "मनस्वीचं लगीन थाटात करू," आई म्हणाली. काका म्हणाले, "घर बांधू." माझा भाऊ मितेश सोळाव्या वर्षी काविळीने गेला होता, त्याला माझ्या लग्नाचं काय पडलं होतं? शेवटी बाबा हात जोडून म्हणाले, "बाला, तुजा गेम मी पुरा करीन."

कावळा झेपावला. भुकेलाच असणार मेला! पण आईबाबांना ते पटण्यासारखं नव्हतं. दिलेला शब्द पाळला नाही तर मितेश सुटणार नाही, हे त्यांच्या मनात पक्कं बसलं.

तो गेम टीव्हीला जोडायच्या मोठ्या गेमची हातात मावणारी आवृत्ती होती. तलवारवाला पोरगा गावातून निघतो, गुहा पार करतो आणि शेवटच्या दारामागच्या राक्षसाला मारतो. मितेश इस्पितळातही तोच खेळत पडलेला असायचा.

जन्मभर जाळं ओढलेल्या बाबांच्या बोटांना ती इवली बटणं जमेनात. पोरगा धडाधड मरायचा. "वर काय लिवलंय?" त्यांनी एकदा विचारलं. सुरुवातीला खेळणाऱ्याने आपलं नाव घालायचं असतं.

"मितेश," मी म्हटलं.

बाबांनी यंत्र खाली ठेवलं आणि त्या दिवशी ते जेवले नाहीत. माझाही जीव तुटला.

"घरचं कोनीबी पुरा केला तरी चालतंय," आईने तोड काढली. मग कॉलेजातून आले की मी खेळायला बसायचे. नेरूळहून सेल आई स्वतः आणायची. "सुटंल ना गो त्यो?" ती रोज विचारायची. मला तिचा राग यायचा आणि मग रागाचीच लाज वाटायची.

एका रविवारी दुपारी मी शेवटच्या दाराशी पोचले आणि दोघांना हाक मारली. आई हात जोडून बसली.

"राक्षस मेला का मंग काय?" बाबांनी विचारलं.

"मग गेम संपला."

"न् मितेश कुटं जातो?"

"कुठेच नाही, बाबा. संपतो."

बाबांनी यंत्र माझ्या हातातून काढून घेतलं. लढणं त्यांना कधी जमलं नव्हतं, पण चालवता यायचं. त्यांनी पोरग्याला माघारी वळवलं. ठेचकाळत, मार चुकवत त्याला त्याच्या गावात आणलं, घरात नेलं आणि खाटेपाशी उभं केलं.

"अवो, काय करताव?" आई किंचाळली. "शब्द दिलाय तुमी! त्यो लटकून र्‍हाईल तितं!"

"र्‍हाऊ दे," बाबा म्हणाले. "एकदा सरणावर जाललाय मी त्याला. परत नाय."