एउदोसियाची सही

एउदोसियाला कुष्ठरोग झाला तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. घरचे मोठे धार्मिक. त्यांनी तिला पोलिसांच्या ताब्यात देऊन माग्दालेना नदीकाठच्या आमच्या कुष्ठवस्तीत धाडलं आणि पुढच्याच रविवारी चर्चमध्ये तिच्या आत्म्यासाठी प्रार्थना ठेवली. गावाला सांगितलं, पोरगी तापाने गेली. आईने वर्षभर काळे कपडेही घातले. कर्तव्यात कसूर नाही.

इथे तिला आम्ही मिळालो. मी बेलार्मिनो, दोन्ही हातांची मिळून चार बोटं. आणि त्रान्सितोमावशी, डोळ्यांनी आंधळी, जिभेने धडधाकट. तिला लेकांनी टाकलेलं. आम्ही तिघांनी एक घर केलं. एउदोसिया रांधायची, मी पाणी भरायचो, मावशी दोघांना शिव्या द्यायची. संसार म्हणतात तो याहून वेगळा नसावा.

बावीस वर्षं गेली. औषध निघालं, आम्ही बरे झालो, वस्तीचं तारेचं कुंपणही काढलं. कुणाच्याच घरून बोलावणं आलं नाही. मग एका मंगळवारी तिचा धाकटा भाऊ अनिबाल उगवला.

बापाचा कॉफीचा मळा विकायचा होता. एउदोसिया चर्चमध्ये मेली होती खरी, पण सरकारी दप्तरात तिला मारायचं राहून गेलं होतं.

खुर्चीवर रुमाल अंथरून तो बसला. "ताई, एवढी सही कर."

"मेलेली माणसं सह्या करतात होय रे?" कोपऱ्यातून मावशी.

"मावशी, गप बस गं." एउदोसियाने गरम चॉकलेटचा कप त्याच्यापुढे ठेवला. "करते सही. हिस्साही नको. आधी हे पी. आईसारखंच केलंय."

अनिबाल कपाकडे बघत राहिला. "माझा उपास आहे."

"मंगळवारचा? चर्चचा उपास तर शुक्रवारी असतो."

तो उठलाच. दारातून म्हणाला, "कागद पोस्टाने पाठव. आणि पाकीट आधी उन्हात ठेव."

एउदोसियाने कागद चुलीत घातला आणि तिथेच बसून रडली. बावीस वर्षांत पहिल्यांदा. मावशी चाचपडत आली, तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि अनिबालच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. त्यात एउदोसियाचेही पूर्वज आले, पण कुणी हरकत घेतली नाही.

चार वर्षांनी एउदोसिया गेली. मृत्यूची नोंद करणाऱ्या कारकुनाने विचारलं, "जवळचं कोण?"

"मी. भाऊ."

"आडनाव वेगळं दिसतंय."

"आई वेगळी, बापही वेगळा," मी म्हणालो. "लिहा."

त्याने लिहिलं. शवपेटी आम्हीच उचलली, वस्तीतल्या उरल्यासुरल्या हातांनी. वाटेत दोनदा निसटली, पण पोचवली.