परण्यातला सॅक्सोफोन

"मान हलवू नका सर, पेच सुटंल," फेटा बांधणाऱ्यानं दम भरला, आणि नेमका तेव्हाच बाहेर सॅक्सोफोन सुरू झाला.

सुगतची मान हललीच. पोखर्णीच्या शाळेच्या व्हरांड्यात पाहुणे फेट्यासाठी रांग लावून बसले होते. दिनकररावांच्या निकिताचं लग्न. दिनकरराव आणि सुगत खिल्लारे परभणीला एकाच शाळेत शिकवायचे, त्यामुळे येणं भागच होतं. नवरदेवाला मारुतीच्या दर्शनाला नेणारा परण्या निघायच्या बेतात होता, ताशा कडकडत होता, आणि त्या सगळ्या गोंधळातून तो सूर वर आला. घोगरा, लांबवलेला, शेवटाला जरासा कलता. आणि त्याच्या आधी वाजवणाऱ्यानं घेतलेला श्वाससुद्धा स्पष्ट ऐकू आला.

"ऐकलं का?" सुगतनं शेजारच्या खुर्चीवरच्या दत्तरावांचं मनगट धरलं. दत्तराव गणिताचे, आता रिटायर झालेले. "हा आमचा सूर्यभान! अन् सॅक्सोफोन माझा आहे, बरं का!"

"आमाला सगळी पिपाणीच," दत्तराव म्हणाले.

"पिपाणी काय म्हणता! तो श्वास ऐका, सुराच्या आधीचा. ही फुंकीची कमाल आहे. कसलं मशीन आणा, हे त्याच्या बापाला यायचं नाही."

दत्तरावांनी मान डोलावली. फेटेवाल्यानं सुगतचं डोकं दोन्ही हातांनी सरळ केलं आणि तुरा काढायला घेतला. सुगतचे डोळे भरून आले होते. उन्हानं असेल, असं दत्तरावांना वाटलं असावं.

हे जॅझचं खूळ त्याला लागलं ते वडिलांमुळे. वडील कृषी विद्यापीठाच्या अतिथीगृहावर चौकीदार होते. ज्वारीचा अभ्यास करायला आलेला कुणी परदेशी माणूस जाताना ग्रामोफोन आणि रेकॉर्डचं खोकं त्यांच्या हवाली करून गेला. वडिलांनी एक रेकॉर्ड लावून पाहिली, "ह्या माणसाला काय दुखतंय बाबा?" म्हणाले, आणि खोकं पोराकडे सरकवलं. त्या दिवसापासून पोरगं कामातून गेलं. नोकरी लागल्यावर दर सुट्टीत सिकंदराबादच्या गाडीत बसायचं आणि तिथल्या जुन्या बाजारातून रेकॉर्ड हुडकून आणायच्या, हा त्याचा नेम झाला. कोणता वादक कुणाच्या बँडमधून रुसून निघाला, कोण कुणाचा चेला, कुणी उसन्या वाद्यावर आपली सगळ्यात गाजलेली रेकॉर्ड केली, हे सगळं त्याला सोयरिकीसारखं पाठ होतं. पण सांगायचं कुणाला? सगळ्या परभणीत ऐकून घेणारं एक माणूस मिळेना. बायको माधवी तर म्हणायची, "तुमची ही मंडळी वाजवतात कमी अन् भांडतात जास्त."

तशाच एका फेरीत त्यानं एका म्हाताऱ्या बँडमास्तरकडून सॅक्सोफोन घेतला. पितळेवरचा मुलामा उडालेला, पण अंगानं ठणठणीत. घरी आणून फुंकला तर दम्यानं डोकं वर काढलं. गल्लीतल्या बायका माधवीला विचारायला आल्या, "सरांनी म्हैस घेतली का हो?" सुगतनं वाद्य पुसून कपाटावर ठेवलं आणि महिनाभर कुणाशी धड बोलला नाही.

मग सूर्यभान भेटला. बालाजीच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. एका वरातीत त्यानं लावलेला एक सूर ऐकून सुगत चप्पल तुटेपर्यंत त्या बँडमागं चालला होता. घरी बोलावलं, चहा पाजला, कपाटावरून सॅक्सोफोन काढून त्याच्या हातात दिला. "तुझाच समज. फक्त रविवारी येत जा."

सूर्यभान रविवारी यायला लागला. सुगत रेकॉर्ड लावायचा, सूर्यभान भिंतीला टेकून डोळे मिटून घ्यायचा. इतका गढून जायचा की रेकॉर्ड संपली तरी डोळे उघडायचा नाही. सुगतच्या अंगावर काटा यायचा. परभणीत का होईना, आपल्याला जे ऐकू येतं ते ऐकणारा दुसरा माणूस आहे, ह्या एका गोष्टीवर त्याचे पुढले सहा दिवस मजेत जायचे. मुलांना नद्या शिकवताना तो शीळ घालायचा. त्यातली एक संथ चाल त्यानं सूर्यभानच्या मागं लागून बसवून घेतली होती. दिवाळीपासून मात्र सूर्यभानचं येणं बंद झालं. "लग्नसराई हाय सर," नाहीतर "प्रॅक्टिस करायलोय सर." सुगतला आनंदच झाला होता. करू दे प्रॅक्टिस.

आणि आज ती चाल, थेट पोखर्णीच्या रस्त्यावर!

फेटा बांधून होताच सुगत जवळजवळ पळतच फाटकाबाहेर आला. पुढं पोरं नाचत होती, मागं घोडा, घोड्यावर घामाघूम नवरदेव. बँडवाल्यांच्या लाल कोटांत त्याला आपला सॅक्सोफोन लगेच दिसला. पण तो सूर्यभानच्या हातात नव्हता. कुणी एक काळासावळा, दणकट गडी तो गळ्यात अडकवून चालला होता. गाल टम्म फुगलेले, डोळे मोठे. सुगतनं त्याच्या बोटांकडे पाहिलं. बोटं हलतच नव्हती. चाल वर चढली, खाली आली, वळली, बोटं आहेत तिथंच. मग त्या गड्यानं तोंडातली नळी काढली, बाहीनं घाम पुसला, आणि रस्त्याकडेला पच्‌कन थुंकला.

सॅक्सोफोन वाजतच राहिला.

सुगतनं मागं पाहिलं. घोड्याच्याही मागं बालाजीची ट्रॉली येत होती, कर्ण्यांची चळत लावलेली. वर छत, छताला झालर, आणि समोर चमकत्या अक्षरांत लिहिलेलं: 'कीबोर्ड किंग सूर्यभान'. छताखाली काळा चष्मा लावून सूर्यभान बसला होता आणि एका हातानं ती चाल वाजवत होता. दुसऱ्या हातात पाण्याची बाटली होती.

दत्तराव मागून येऊन उभे राहिले. "कुठाय तुमचा माणूस?"

"तो काय," सुगत म्हणाला. कोणता, ते दाखवलं नाही.

सूर्यभाननं फसवलं ते होतंच. पण आत, व्हरांड्यात, आपण ऐकलं ते काय होतं? श्वास ऐकला होता. चार माणसांत हात धरून ऐकवला होता. एवढी वर्षं ज्या कानांचा त्याला तोरा होता, त्या कानांनीच दगा दिला. ह्याचा राग कुणावर काढायचा ते कळेना, म्हणून तो सगळाच्या सगळा सूर्यभानवर गेला.

मारुतीच्या देवळाशी परण्या थांबला. नवरदेव दर्शनाला आत गेला, बँडवाले लिंबाच्या सावलीला पांगले. सुगत आधी त्या सॅक्सोफोनवाल्याकडे गेला.

"नाव काय तुझं?"

"हरिओम. पेडगावचा हाय साहेब."

"वाजवत का नाहीस?"

"मला कुठं येतंय?" हरिओम मोकळेपणानं हसला. "मालकानं सांगितलंय, गाल फुगवायचे अन् डुलायचं. लोकाइला पुढं चकचकीत वाद्य दिसाया पाहिजे. बोळा हाय आत." त्यानं नळीचं तोंड दाखवलं. आत फडक्याचा बोळा कोंबलेला होता. "एकदा जोशात फुंकलं म्या, तर घोडं बुजलं. नवरदेव पार उकिरड्यात. तवापासून बोळा."

सुगतनं त्याच्या गळ्यातला पट्टा सोडवला आणि सॅक्सोफोन काढून घेतला. तोवर सूर्यभान ट्रॉलीवरून उतरून आला होता. चष्मा काढून त्यानं खिशात घातला.

"सर, तुमी इथं?"

"प्रॅक्टिस चाललीय का रे?"

सूर्यभाननं चपलेनं माती उकरली.

"अरे, तोंड उघड की. मी वाद्य कुणाला दिलं होतं? ह्याला, गाल फुगवायला?"

"रागावू नका सर. सकाळपासून फुंकलं की व्हट सुजायचे. चार घास गिळता येईनात. मालक म्हणले, कीबोर्ड घे. बसायला सावली, वर नाव." त्यानं ट्रॉलीकडे एकदा पाहिलं, आणि नको असताना त्याच्या चेहऱ्यावर थोडा अभिमान आलाच. "तुमाला सांगायचा धीर झाला न्हाई."

"अन् तो श्वास?"

"ते बटनातच हाय. दाबलं की आधी श्वास, मंग सूर." मग ओशाळून म्हणाला, "तुमी तर लगेच वळखलं असंल. तुमच्या कानाला कोण फसवणार?"

"ओळखलं," सुगत म्हणाला. "पहिल्या सुरालाच." खोटं बोलताना त्याचे कान तापले.

सूर्यभाननं मान खाली घातली. एवढ्यावर थांबायला हवं होतं, पण सुगतला राहवेना.

"कीबोर्ड वाजव, बाबा. पोट कुणाला चुकलंय? पण रविवारी भिंतीला टेकून डोळे मिटून बसायचास, ते तरी खरं होतं ना?"

सूर्यभाननं लिंबाकडे पाहिलं.

"झोप लागायची सर," तो म्हणाला. "शनिवारची वरात करून यायचो. तुमच्या घरात पंखा, गार फरशी. तुमी रेकॉर्ड लावली की डोळाच लागायचा."

"झोपायचास?"

"तुमी एवढ्या मायेनं लावायचे, तुमाला मोडता कसा घालावा? ताईला म्हाईत होतं. त्या चहा मुद्दाम उशिरा आणायच्या. म्हणायच्या, झोपू द्या लेकराला."

माधवीनं! घरातलंच माणूस! सुगतला खाली बसावंसं वाटलं, पण डोक्यावर फेटा होता आणि हातात सॅक्सोफोन, आणि समोर हरिओम तोंड उघडं टाकून ऐकत होता. तो उभाच राहिला.

"मग ती चाल?" त्यानं विचारलं. "ती कशी आली तुला?"

"तुमीच तर घोकून घेतली. अन् झोपला तरी कान थोडाच झोपतोय?" सूर्यभाननं हात पुढं केला. "द्या सर इकडं. तुमच्यासाठी एकदा फुंकतो. खरी."

नको म्हणायला हवं होतं. वाद्य काखोटीला मारून सरळ परभणीची गाडी धरायला हवी होती. पण सुगतनं ते दिलं. आशा लय वाईट असते.

सूर्यभाननं नखानं बोळा ओढून काढला आणि खाली टाकला. नळीच्या तोंडाची वेताची पत्ती जिभेनं ओली केली, पट्टा गळ्यात घातला, पाय रोवले. देवळामागं स्वयंपाकाला लागलेल्या बायका हातातलं काम थांबवून बघायला लागल्या. सुगतनं डोळे मिटले.

पहिला सूर फाटला. दुसरा निघालाच नाही, नुसती हवा गेली. सूर्यभाननं पुन्हा धरलं. ह्या वेळी चाल आली, पण लंगडत आली. वर चढताना चिरकली, वळणावर दम संपला, शेवटचा लांब सूर अर्ध्यात मोडला. श्वास ऐकू आला, हो. धापा टाकणाऱ्या माणसाचा. बायकांतली कुणीतरी फिस्सकन हसली आणि दुसरीनं तिला गप्प केलं.

सुगतच्या मनात जे आलं ते त्याला नको होतं. तो ते परतवायला बघत होता. पण ते येऊन बसलं होतं: मघाचं बरं होतं. व्हरांड्यात ऐकलेलं, बटणातलं, कितीतरी बरं होतं.

त्यानं डोळे उघडले. सूर्यभान तोंड पुसत त्याच्याकडेच पाहत होता. ओठाला कोपऱ्यात रक्त आलं होतं.

"कसं झालं, सर?"

"पत्ती वाळलीय," सुगत म्हणाला.

"हाव. पत्तीच वाळलीय." सूर्यभाननं सॅक्सोफोन उतरवला आणि त्याच्यापुढं धरला. "न्या सर तुमी. तुमचंच हाय. मालकाला मी सांगतो कायतरी."

देवळातून गलका उठला. नवरदेव बाहेर आला होता, ताशा पुन्हा कडकडायला लागला. "ए किंग, बस की वर!" ट्रॉलीवरून बालाजी ओरडला. "अन् ते सॅक्सोफोनवालं कुठं मेलं?"

हरिओम चुळबुळत जवळ आला. मागावं की न मागावं अशा हातांनी उभा राहिला.

सुगतनं वाद्य घेतलं. ऊन लागून पितळ तापलं होतं. त्याला माधवीची, कपाटावरच्या रिकाम्या जागेची, येणाऱ्या रविवारची आठवण झाली. घरी नेऊन हे फुंकणार कोण, आणि फुंकलंच कुणी, तर ऐकणार कोण? परण्या चालू लागला होता. सूर्यभान ट्रॉलीत चढून बसला, चष्मा लावला, आणि बटण दाबण्याआधी एकदा सुगतकडे पाहून थांबला.

सुगत खाली वाकला. फेटा सावरत त्यानं धुळीत पडलेला बोळा उचलला, झटकला, आणि नळीत कोंबायला लागला.

"घट्ट बसवा साहेब," हरिओम म्हणाला.

सुगतनं अंगठ्यानं आणखी आत दाबला.