हिरव्या पाहुण्या

यंदा आमच्या जरफशान नदीच्या काठी सगळ्यांचे जर्दाळू धरले, शेजारच्या होसियतखालाचे नाहीत. फुलं भरपूर आली होती, पण फांद्या रिकाम्याच राहिल्या.

तिची सून मव्जूना तीन वर्षांपूर्वी घरात आली, तेव्हापासून वळचणीला बोरूच्या मोळ्या बांधते. त्या पोकळ नळ्यांत रानमधमाश्या अंडी घालून तोंडं चिखलाने लिंपतात आणि पुढच्या वसंतात त्यांचीच पिल्लं मोहरावर फिरतात, तेव्हा फळ धरतं. यंदा त्या फिरकल्याच नाहीत.

गुरुवारी आम्ही बायका कुराणपठणाला खालाकडे जमलो. नान मोडता मोडता ती म्हणाली, "सुनेच्या हाताला बरकतच नाही." आम्ही माना डोलावल्या. मीही डोलावली. मव्जूना तिथेच आमच्या पेल्यांत चहा ओतत होती.

दुसऱ्या दिवशी तिने माहेरी जायला बोचकं बांधलं. निघण्याआधी मोळ्या सोडून तिने सासूसमोर एकेक नळी चिरली. घरट्यांत मधमाश्या नव्हत्याच. निळ्या-हिरव्या पाठीच्या, तांबूस पोटाच्या गांधीलमाश्या तेवढ्या मरून पडल्या होत्या. दुसरीच्या घरात गुपचूप अंडं घालायचं, आपल्या पिल्लाने तिचं पिल्लू खायचं, ही त्यांची रीत.

खालाने त्यांना ओळखलं. गेल्या वसंतात पहाटेच्या नमाजानंतर ती त्या वळचणीखालीच माळ ओढत बसायची. मशिदीच्या घुमटावरच्या निळ्या फरशीसारख्या चमकणाऱ्या या माश्या तिला अल्लाच्या स्मरणाला आलेल्या पाहुण्या वाटायच्या. सून फडकं घेऊन हाकलायला आली, तर तिनेच अडवलं होतं.

"आई, मी तेव्हा सांगत होते," एवढंच मव्जूना म्हणाली. हे सगळं मव्जूनानेच मला नंतर सांगितलं.

पुढच्या गुरुवारी मव्जूना घरातच होती, पण बोचकं अजून दाराशीच होतं. पठणाआधी खालाने चिरलेली नळी आमच्यासमोर, नानच्या शेजारी ठेवली.

"बरकत मी घालवली," ती म्हणाली, "आणि बोल हिला लावला. तुमच्यासमोर लावला, म्हणून तुमच्यासमोरच सांगते."

आमच्यातल्या सव्रीबीबीने चेष्टेवारी न्यायला बघितलं, "मग आम्ही काय नुसत्या माना हलवायला येतो होय गं?" कुणी हसलं नाही. मी नानचे कण वेचत राहिले.

थोड्या वेळाने मव्जूना नव्या बोरूंची मोळी घेऊन आली. कुठे बांधू, तिने विचारलं.

"तिथेच," खाला म्हणाली, "पहाटे मी तिथेच असते. फडकं माझ्या हाती दे."

मोळी बांधून होईपर्यंत आमच्यापैकी कुणी मव्जूनाकडे मान वर करून पाहिलं नाही.