महिपतच्या पायातले किडे

वास मैनाला अंगणातच आला. म्हैस असो की माणूस, किडे पडलेल्या जखमेचा वास एकच, आणि एकदा नाकात बसला की जन्मात उतरत नाही.

"काकी, तूच सांग आता. माझं तर ऐकतच नाय," सारिका रडकुंडीला आली होती. बापाने अंथरूण धरलंय म्हणून ती मुंबईहून धावत आली होती. भाताचा राब भाजायला कवळ, म्हणजे पाल्याच्या फांद्या, तोडताना महिपतच्या हातून कोयता निसटला आणि नडगीवर बसला. या शहाण्याने जखमेत राख भरली, वर फडकं बांधलं आणि कोणाला दाखवलं म्हणून नाही. मैनाने फडकं सोडलं. मांसात काहीतरी पांढरं वळवळलं आणि आत शिरलं. सारिका तोंड दाबून मागीलदारी पळाली.

"भावोजी, महाडला चला. आजच्या आज."

"डागतर काय करणार, वैनी?" महिपत कौलांकडे बघत म्हणाला. "दादाचा शब्द हाय त्यो."

तो शब्द अख्ख्या वाडीला ठाऊक होता. बांधाच्या भांडणात मैनाच्या नवऱ्याने, कुशाबाने, देवीपुढे नारळ ठेवून धाकट्या भावाला सुनावलं होतं: ज्या पायाने माझा बांध ओलांडलास, त्या पायात किडे पडतील. पुढे भांडण मिटलं, दोघे भाऊ एका पंगतीला जेवले, पण लाल फडक्यातला तो नारळ देवळाच्या आढ्याला बांधलेला राहिला तो राहिलाच. वाडीची रीत अशी की ज्याने शब्द टाकला त्यानेच तो देवळात माघारी घ्यायचा. आणि कुशाबा तर गेल्या पावसाळ्यात सरणावर गेला. शब्द डोक्यावर असताना डॉक्टरने किडे काढले तर ते पोरीच्या अंगावर जातील, म्हणे! आता माशीला काय भावकी कळते? पण महिपत हट्टालाच पेटला होता.

असाच पडून राहिला तर आधी पाय जाईल, मग माणूस.

"भावोजी," ती म्हणाली, "शब्द त्यांचा नव्हता. माझा होता."

महिपतने मान वळवली.

"ते नुसते बोलले. पढवलं मी. नारळ पण मीच दिला हातात. माझा शब्द, मीच माघारी घेते."

साफ खोटं! त्या दिवशी तिने कुशाबाचे पाय धरले होते, नका हो म्हणून.

देवळात चार माणसं उभी करून तेच खोटं तिने देवीच्या तोंडावर सांगितलं. गुरवाने नारळ सोडून तिच्या पदरात टाकला, तेव्हा मागे कुशाबा खाकरल्यासारखा वाटला. वळून बघायची तिची छाती झाली नाही.

मग कुठे महिपत मुकाट रिक्षात बसला. वाटेत पुलावरून मैनाने नारळ सावित्री नदीत सोडला. महाडच्या डॉक्टरांनी जखमेत टर्पेंटाइन ओतलं आणि चिमट्याने एकेक अळी ओढून काढली.

"उघड्या जखमेवर माशी बसते, अंडी घालते. शाप-बिप काही नसतं. उशीर केलात, पण पाय वाचला."

सारिकाने काकीला मिठी मारली. महिपतने मात्र तिच्याकडे बघितलं नाही.

आता तो त्याच पायाने मैनाच्या अंगणावरून जातो आणि थांबत नाही. वाडीत तिच्या हातचं पाणी कोणी पीत नाही. ती दिसली की बाया लेकरं आत घेतात. मुंबईला परतताना सारिका तेवढी आली.

"काकी, खरंच तू बोललीस?"

खरं मैनाच्या अगदी ओठावर आलं होतं. पण पोर बापाला सांगणार, बाप म्हणणार शब्द अजून डोक्यावर हाय, आणि पुन्हा कुठे खरचटलं की फडकं बांधून पडून राहणार.

"मीच गो," ती म्हणाली.

तिच्या टाचेला हल्ली भेग पडली आहे. रक्त येतं. ती साबणाने धुते, धुतलेलं फडकं बांधते. डॉक्टरांचं बोलणं तिला तोंडपाठ आहे. तरी भर दुपारी रिकाम्या घरात कानाशी घूं झालं की तिच्या अंगावर काटा येतो. हात उचलवत नाही. ती भिंतीवरच्या कुशाबाच्या फोटोकडे बघते आणि तिला रडू फुटतं.

"तुमचा शब्द मी पदरात घेतला," ती म्हणते. "आता तेवढी माशी तरी हाकला."