वरचा खिसा

"वजन बघा दोन्हींचं," कानाच्या दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या. माझ्या एका तळहातावर त्यांनी काड्यापेटीपेक्षा जरा मोठी पेटी ठेवली, दुसऱ्यावर कानामागे बसणारं यंत्र, वालाच्या शेंगेएवढं. मी शेंगेवरच मूठ मिटली. केस पुढे घेतले की कुणाला पत्ताही लागला नसता.

"हे छोटं द्या."

"सुमनबाई, कुंदाला फार कमी ऐकू येतं. छोट्याची ताकद तिला पुरायची नाही. पेटीवालं घ्या. चार वर्षांची आहे, बोलायला शिकायचं वय हेच. पुढे फार जड जातं."

हे अठ्ठ्याहत्तर सालचं. तेव्हा पेटीवालं यंत्र म्हणजे छातीवर बांधायचं, त्यातून वायर निघून कानात जायची. आदल्याच आठवड्यात माझी नणंद गोजराबाई पिंपळगावहून आली होती. ती म्हणाली, "पोरगी लय गुणाची हाय वहिनी. पण छातीवर डबडं बांधून फिरली, तर उद्या सोयरीक कोण करंल?" चार वर्षांच्या पोरीची सोयरीक! मी हसण्यावारी नेलं, पण शब्द रुतायचा तो रुतला.

आमचे हे शेजारीच बसले होते. नाशिकरोडला बाजारामागे यांचं शिवणकामाचं दुकान. यांची तुरपाई उलट्या बाजूनं बघितली तरी टाका सापडत नसे, आणि त्याचा यांना भारी अभिमान. यांनी पेटी हातात घेतली, बोटांनी माप घेतलं आणि मला म्हणाले, "पेटीच घेऊ. कुणाला दिसणार नाही, ते माझ्याकडे लागलं."

मग मला आणखी काय हवं होतं? बाई पुढे बरंच सांगत होत्या, सेल कसा बदलायचा, कापडापासून कसं जपायचं. आम्ही माना डोलावत होतो. दोघांच्याही डोक्यात फ्रॉक शिवून तयार झाला होता.

फ्रॉक खरंच देखणा झाला. पांढरा, छातीवर तीन झालरी. झालरीखाली अस्तर, अस्तराखाली फ्लॅनेलचा चोरखिसा, त्यात पेटी. वायर मागच्या शिवणीतून थेट मानेपर्यंत नेलेली, वर कानावर केस. शेजारच्या लंकाबाईंनी विचारलं, "यंत्र आणलं म्हणता, कुठंय?" मी कुंदाला त्यांच्यापुढे गोल फिरवलं. त्यांना काही दिसेना. त्या दिवशी मी पोरीची दृष्ट काढली.

पण कुंदा हाकेला वळेना. पाठीमागून ताट वाजवलं, तरी नाही. उलट ती कानातलं ओढून काढायची. मी परत घालायची. दोनदा तर मी तिच्या हातावर चापट मारली.

नंतर ती ओढायची थांबली. नुसती बसून राहायला लागली. पाण्याच्या टाकीपर्यंत धावत जाणारी पोर, भिंतीला टेकून बसायची ती बसायचीच. हात उचलायचा तरी हळूच उचलायची. यंत्रानं पोर शहाणी झाली, असं पत्र मी गोजराबाईला टाकलं. काय म्हणावं माझ्या अकलेला?

महिन्यानं तपासणीला गेलो. बाईंनी कुंदाला हाक मारली, टाळी वाजवली, खुळखुळा वाजवला. मग तिच्या कानातलं काढून त्याला एक रबरी नळी जोडली आणि नळीचं दुसरं टोक माझ्या कानात दिलं. म्हणाल्या, "आता तिला चालू द्या."

कुंदानं एक पाऊल टाकलं आणि माझ्या कानात कुणीतरी सुपात वाळू पाखडायला लागलं. तिनं हात उचलला, पुन्हा तेच. बाईंचे ओठ हलत होते. त्या समोरच उभ्या होत्या, पण त्या खरखरीत मला त्यांचा एक शब्द कळला नाही.

मी नळी काढली. "फ्रॉक कुणी शिवला?" बाईंनी विचारलं.

"मी," हे म्हणाले, जरा छाती काढूनच.

"शिवण फार सुंदर आहे. पण कुंदा हलली की कापड यंत्रावर घासतं. तिच्या कानात तेवढंच जातं."

यांनी नळी कानात घातली. कुंदाला दोन पावलं चालवली. बराच वेळ ऐकलं.

"महिनाभर हेच ऐकत होती?"

मला पोर का हलत नव्हती ते कळलं, आणि त्या दोन चापटी आठवल्या. मी कुंदाला उचलून घेतलं. ती कडेवरही ताठ, न हलता बसली.

तिथून सरळ दुकानात आलो. यांनी ब्लेड घेतलं आणि झालर उसवायला बसले. स्वतःचाच टाका यांना सापडेना. फ्रॉक उजेडाकडे धरला, चष्मा पुसला, पुन्हा शोधला. शेवटी चोरखिसा निघाला. मग वरून लावायचा खिसा बेतायला यांनी पांढरंच कापड घेतलं, फ्रॉकमध्ये मिसळून जाईल असं.

ते मी यांच्या हातातून काढून घेतलं. चिंध्यांचं बोचकं सोडलं आणि लालभडक तुकडा शोधून पुढे ठेवला.

"हा लावा."

"लांबून दिसेल गं."

"दिसू दे. पार पिंपळगावातून दिसू दे."

यांनी सुईत लालच दोरा ओवला. घट्ट खिसा, पेटी हलू नये असा, आणि यंत्राचं तोंड उघडं. चारही बाजूंनी टिपा ठसठशीत. जन्मात यांनी टाका असा उघडा ठेवला नव्हता.

कुंदाला फ्रॉक घातला, यंत्र चालू केलं. ती नेहमीसारखी हळूच बसली, उंबऱ्यापाशी, आमच्याकडे पाठ करून. तिच्या पुढ्यात मी बटणांचा डबा ठेवला. हे दुसऱ्या फ्रॉकला खिसा लावायला मशीनवर बसले. मशीन चालू झालं, तशी तिच्या हातातलं बटण हातातच राहिलं. मग तिनं एक हात हलवून बघितला. मग दुसरा.

मध्येच दोरा संपला आणि मशीन थांबलं. कुंदानं मान वळवून यांच्याकडे बघितलं.

यांनी नवीन दोरा ओवला, चार टाके घातले आणि पाय थांबवला. तिनं पुन्हा बघितलं.

तो खिसा एरवी दहा मिनिटांचा. त्या दिवशी तो शिवायला यांना अख्खी दुपार लागली.