केशरबाबांचा ग्लास

लातूर नवा जिल्हा झाला, पण देवणीकडच्या आडांना काही पाणी आलं नाही. आले ते केशरबाबा. मारुतीच्या पारापुढं अख्खं गाव लोटलं होतं. बाबांनी भक्तिभावानं दोन्ही कान धरले, काश्मीरच्या देवीचं नाव घेतलं, थंड पाण्याच्या ग्लासात वाटीतले चिमूटभर केशराचे तंतू टाकले आणि बोटानं ढवळलं. पाणी क्षणात पिवळंजर्द! घमघमाट असा सुटला की मागचे लोक पुढं रेटू लागले.

"लई जागृत हाय!" व्यंकटी ओरडला.

शिवगंगा पुढंच बसली होती. मांडीवर तिचा दोन वर्षांचा लेक, बसू. कालपासून जुलाबानं त्याचे डोळे खोल गेले होते. शेजारी सासू, मल्लम्मा, सुनेचा दंड धरून. बाबांची आज्ञा होती: केशरपाण्याचा घोट तेवढा द्यायचा, बाकी पाणी बंद, मीठ-साखर बंद, दवाखान्याचं नाव नको. आणि घरात कुणी शंका घेतली, तर लेकरू दगावेल.

म्हणजे गुण आला तर बाबांचा, नाही आला तर आईचा दोष. शिवगंगेला हे कळत होतं. पण तोंड उघडलं तर लेकराला आपणच मारलं असं होणार, आणि गप्प बसलं तर ते डोळ्यांदेखत जाणार. ती बसूचे सुकलेले ओठ नुसती बघत राहिली.

"बाबा, मीही करून बघते," शाळेच्या सौदामिनीबाई पुढं आल्या. श्रीखंडासाठी जपलेल्या केशराची डबी त्यांनी घरून आणली होती. त्यांनी एका ग्लासात आपले तंतू टाकले, दुसऱ्यात बाबांच्या वाटीतले, आणि दोन्ही ग्लास स्वतः चमच्यानं ढवळले.

बाबांच्या तंतूंचा ग्लास लगेच पिवळा. बाईंचा कोराच.

"बाई, तुमचंच नकली की वो!" लोक खो-खो हसले.

"आमचं केशर भक्तीनं विरघळतं, बाई. तुमचं दुकानातलं!" बाबांनी दाढी कुरवाळली.

"हसून घ्या. व्यंकटी, मी बाबांचे तंतू टाकले त्या ग्लासाचा वास घे बघू."

व्यंकटीनं नाक खुपसलं. "काहीच वास येईना की!"

"कारण मघाचा वास बोटाचा होता. बाबांनी कान धरून मग बोटानं ढवळलं, मी चमच्यानं. त्यांच्या कानात बघ."

बाबांच्या कानातून कापसाचा बोळा निघाला, केशराच्या इसेन्सनं थबथबलेला. तोवर बाईंचं पाणी सावकाश पिवळं होऊ लागलं होतं. त्यांनी दोन्हीकडचे तंतू तळहातावर घेतले. बाईंचे अजून लालच होते. बाबांचे धुऊन फिक्के पडले होते. "अस्सल केशर रंग हळूहळू सोडतं. ह्याला वरून रंग फासलाय."

मल्लम्मा वाकली. दरसाल हाताला फडकी गुंडाळून काट्यांतनं करडई काढणारी बाई ती. "अगं बया! ही तर करडईची फुलं! आपल्याच रानातली!"

काश्मीरचं म्हटल्यावर आपल्या काळ्या मातीतलं फूल कुणीच ओळखलं नव्हतं.

बाबा गरजले, "शंका घेतली! आता पोरगं गेलं तर..."

शिवगंगेनं बसूला पोटाशी धरलं. रंग धुतला गेला, तरी भीती तशीच होती.

"गेलं तर माझ्या माथी!" मल्लम्मानं तिचा दंड सोडला. "मीच आडवी आले व्हते. ऊठ शिवगंगे, उदगीरला चल."

बाईंनी पाणी उकळून गार केलं, त्यात मीठ-साखर कालवली आणि चमचा आईच्या हाती दिला. बसूनं घोट गिळला. मग दुसऱ्यासाठी त्यानं स्वतःच तोंड उघडलं. उदगीरच्या दवाखान्यात तो वाचला.

शंकेनं लेकरू मरत नाही, बाबांनो. अंगातलं पाणी आटलं की मरतं. त्याला पाणी पाजा, दवाखाना गाठा. आणि विचारायला बंदी घालणारा भेटला, तर त्यालाच आधी विचारा.