फिनलंडची आजची गंमत

त्या महिन्यात मी माझ्या चुलतभावाला मनातल्या मनात कितीदा विहिरीत ढकललं, त्याचा हिशोब नाही. हरिओमदादा दोन वर्षांपासून फिनलंडमध्ये शिकतो. रोज सकाळी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचा आवाज येतो, "आजची गंमत ऐका!" आणि मग तो त्या देशाची एखादी अजब गोष्ट सांगतो. तीर्थपुरीच्या आमच्या घरात ती गंमत फोन टेबलावर ठेवून, स्पीकर लावून, चहासोबत ऐकली जाते. त्याची आई चतुराबाई, म्हणजे माझी मोठी आई, ती दोनदा ऐकते आणि दोन्ही वेळा हसते. माझे अप्पा हसत नाहीत. ते कोर्टात साक्ष ऐकावी तसे ऐकतात.

कारण मलाही फिनलंडला जायचं होतं. अन्नतंत्रज्ञानाच्या पुढच्या शिक्षणासाठी माझी तिथल्या तुर्कू नावाच्या शहरात निवड झाली होती, शिष्यवृत्तीसकट. म्हणजे खर्चाचं कारण अप्पांना पुढं करता येत नव्हतं. होकार तेवढा कळवायचा होता, कॉम्प्युटरवर एक बटण दाबून. बटण मी एकटीनं केव्हाच दाबलं असतं. पण घरातून भांडून निघालेल्या मुलीला परत यायला दार उरत नाही, हे मी आमच्याच गल्लीत बघितलं आहे. मला जायचं होतं, आणि परत यायला घरही हवं होतं.

आमच्या घराची रीत अशी, की मोठे काका, म्हणजे दादाचे वडील, वारल्यापासून अप्पा वहिनीला विचारल्याशिवाय काहीच करत नाहीत. बोअर कुठं घ्यायची, कोणाची सोयरीक कुठं करायची, सगळं आधी मोठ्या आईच्या कानावर घालायचं. तिनं मान हलवली तर काम पुढं. त्यात मोठी आई माझ्या बाबतीत काही बोलतच नव्हती. "बघू की, गडबड काय हाय," एवढंच. तिच्याजवळ त्या देशाची माहिती फक्त हरिओमदादाच्या गमतींची. अप्पांजवळही तीच. थोडक्यात, माझं पुढचं सगळं आयुष्य त्या पठ्ठ्याच्या जिभेवर टांगलेलं होतं, आणि त्याला त्याचा पत्ताच नव्हता.

एके दिवशी त्यानं सांगितलं, "इथं लोक तान्ह्या बाळांना थंडीत बाहेर गाडीत झोपवतात. बर्फ असला तरी. म्हणे झोप चांगली लागते."

माझ्या आईनं, बेबीनंदानं, तोंडावर पदर घेतला. अप्पांनी चहाचा कप खाली ठेवला. "सोताच्या लेकराला बाहेर ठेवणारे लोक आपल्या लेकराला काय सांभाळणार?"

दुसऱ्या दिवशी म्हणाला, "इथं कोणीही कोणाच्याही जंगलात जाऊन रानफळं तोडू शकतं. मालक काही म्हणत न्हाई. कायदाच आहे तसा." अप्पा बांधाच्या भांडणापायी आमच्या शेजारच्या तातेरावाशी वर्षानुवर्षं अंबडच्या कोर्टात खेटे घालून राहिलेत. ते ऐकून त्यांचा चेहरा असा झाला, की मी फोन उचलून आतच नेला. "मंग तातेराव मूळचा तिथलाच असंल," एवढं बोलून ते शेताकडं गेले.

आणि मग ती तिसरी गंमत. बायकोला पाठीवर घेऊन पळायची शर्यत. "जगभरातून लोक येतात," दादा हसत हसत सांगत होता, "आन् बायको सोताचीच पाहिजे असं बिलकुल न्हाई. शेजाऱ्याची पण चालते!"

मोठी आई पहिल्यांदाच हसली नाही.

मी गच्चीवर जाऊन त्याला फोन लावला. "दादा, तुझं तोंड बंद ठेव. हात जोडते."

"अगं, गंमत आहे नुसती."

"तुझी गंमत होते आन् माझा जीव जातो. तू जे सांगतो ना, ते इथं माझ्या नावावर जमा होतं. काही सांगायचंच असंल तर चांगलं सांग."

तो वरमला. चांगलं सांगतो म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्यानं मोठ्या अभिमानानं सांगितलं, की फिनलंडमध्ये घरोघरी वाफ घ्यायची खोली असते, लोक तिथं अंगावर एक चिंधी न ठेवता बसतात, संसदेतसुद्धा तशी खोली आहे. बाया वेगळ्या बसतात आणि माणसं वेगळी, हे तो सांगायला विसरला. आठवण झाली तेव्हा दुसरा दिवस उजाडला होता आणि अप्पांनी माझ्याशी बोलणं सोडलं होतं.

असं करता करता शेवटची तारीख आली. संध्याकाळी साडेपाचला तिकडची मुदत संपणार होती. अप्पा साडेचारला शेतातून आले, हातपाय धुतले, सोफ्यावर बसले आणि मला म्हणाले, "हरिओमला लाव. तोंड दिसलं पाहिजे त्याचं. वहिनी, तुम्ही पण बसा. आज काय ते बराबर होऊन जाऊ द्या."

फोन लावण्याआधी मी दादाला घाईघाईनं लिहिलं, 'देश सुरक्षित आहे ते सांग. शांत आहे ते सांग. बाकी एक शब्द नको. पाया पडते.' त्यानं अंगठ्याचं चित्र पाठवलं.

पडद्यावर त्याचा चेहरा आला. दाढी वाढली होती, पण दात सगळे दिसत होते. "रामराम काका! माय, कशी आहेस?"

अप्पांनी प्रस्तावना केली नाही. "हरिओम, आकांक्षाला पाठवावं का न्हाई? तू तिथं राह्यला. खरं सांग."

"पाठवा ना काका. बिलकुल पाठवा." त्यानं घसा साफ केला. "सुरक्षित तर एवढं आहे, की सात-आठ वर्षांची लेकरं एकटी शाळेत जातात. कोणाचं पाकीट हरवलं तर लोक आणून देतात. माझी टोपी बसमध्ये राह्यली होती, दुसऱ्या दिवशी मिळाली."

अप्पांनी मान हलवली. अगदी बारीक, पण हलवली. माझ्या आईनं माझ्याकडं बघितलं.

"आन् शांतता," तो म्हणाला. आता तो रंगात आला होता, आणि तो रंगात आला की मला भीती वाटते. "शांतता तर अशी, की विचारू नका. बस थांब्यावर दोन माणसं उभी असली ना, तर मधी म्हैस बसंल एवढी जागा सोडून उभी राहतात. कोणी कोणाला त्रास देत न्हाई. माझ्या समोरच्या दाराचा माणूस, दोन वर्षं झाले, मला त्याचं नाव माहीत न्हाई. आता तर सुट्ट्या चालू आहेत. सगळं शहर तळ्याकाठच्या घरांत राहायला गेलं. आमच्या इमारतीत मी एकटाच. एवढी शांतता, काका, की मागच्या आठवड्यापासून मी तोंडातून एक शब्द काढला न्हाई. सकाळी गंमत सांगतो तेवढंच. आज बोलायला लागलो तर सोताचाच आवाज मला अनोळखी वाटून राह्यला."

आणि तो हसला. एकटाच हसला.

मोठ्या आईच्या मांडीवर तांदळाचं ताट होतं. ती निवडायची थांबली. "मंग तू बोलतो कोणासंग?"

"आत्ता बोलून राह्यलो ना, माय. तुमच्यासंग."

"आमच्यासंग न्हाई. तिथं. कोणासंग बोलतो?"

दादाचं हसू अजून चेहऱ्यावर तसंच होतं, काढायचं राहून गेल्यासारखं.

मोठ्या आईनं ताट बाजूला सरकवलं. "भाऊजी," ती म्हणाली, "आकांक्षाला पाठवा. आजच ते काय बटन दाबायचं ते दाबा."

मला आधी कळलंच नाही काय झालं ते. माझ्या आईनं माझा हात दाबला तेव्हा कळलं. अप्पासुद्धा गोंधळले. "वहिनी, नक्की?"

"नक्की म्हणजे काय? माझं पोरगं तिकडं मुकं होऊन राह्यलं. बहीण असली जवळ म्हणजे चार शब्द बोलंल. संध्याकाळी दोन भाकरी टाकत जाय गं त्याच्यासाठी. पीठ देते मी. दळून देते, चाळून देते. लोणचं देते. त्याला मेथीचं आवडतं." तिचे डोळे भरले होते आणि ती बोलायची थांबत नव्हती. "तुझ्या कॉलेजापासून याची खोली किती लांब आहे? चालत जाता येईल का रिक्षा करावी लागंल?"

घड्याळात पाच वाजत आले होते. मी दादाकडं बघितलं. तो ऊलूमध्ये राहतो, देशाच्या वरच्या अंगाला. तुर्कू पार खाली. मी नकाशा इतक्यांदा बघितला होता, की डोळे मिटूनही बोट ठेवलं असतं.

"जवळच आहे, माय," दादा म्हणाला. त्यानं पापणीसुद्धा हलवली नाही. "आपल्या घरून वडीगोद्री म्हण ना. तेवढंच."

"हे बघा," मोठी आई अप्पांना म्हणाली. "वडीगोद्री. मंग काय."

अप्पांनी माझ्याकडं वळून लॅपटॉपकडं बोट केलं. लॅपटॉप उघडाच होता. बटणही समोर होतं. माझी बोटं त्यावर गेली, आणि तेवढ्यात मोठी आई उठून कपाटाकडं गेली. तिनं वरच्या फळीवरून प्लास्टिकचा मोठा डबा खाली काढला, झाकण उघडून वास घेतला, पदरानं पुसला आणि माझ्यासमोर आणून ठेवला. "यात पापड बसतील. दोघांना पुरतील."

मला रागच आला. दादाचा आला, तिचा आला, माझा स्वतःचा सगळ्यात जास्त आला. त्या डब्याकडं बघून मला बटण दाबवेना.

"मोठी आई, जवळ न्हाई ते," मी म्हणाले. "परतूरहून रेल्वेनं मुंबईला जावं ना, त्याच्यापेक्षा लांब आहे. संध्याकाळी भाकरी टाकायला मी न्हाई जाऊ शकत. सुट्टीलाच जाणं होईल. दादा खोटं बोलला."

"आकांक्षा!" फोनमधून दादा ओरडला.

माझ्या आईनं डोळे मिटून घेतले. मी माझ्याच पायावर कुऱ्हाड मारून घेतली, हे तिला दिसत होतं, मलाही दिसत होतं. अप्पांचा आवाज कोरडा झाला. "म्हणजे हा एका टोकाला एकटा, आन् तू दुसऱ्या टोकाला एकटी. बंद कर तो लॅपटॉप."

"अप्पा, माझं ऐकून तर—"

"बंद कर."

मी लॅपटॉप बंद केला नाही, पण त्याच्यावरचा हात काढून घेतला. डोळ्यांत पाणी आलं ते मी पुसलंही नाही. मोठी आई डब्याशेजारी उभी होती. ती माझ्याकडं बघत नव्हती, पडद्याकडं बघत होती.

"हरिओम," ती म्हणाली, "तू माझ्यासंग खोटं बोलला."

"माय, तिचं काम व्हावं म्हणून—"

"आजचं सोड. दोन वर्षं तू मला रोज सांगून राह्यला. तिथली लेकरं कुठं झोपतात ते मला माहीत हाय. कोण कोणाला पाठीवर घेऊन पळतं ते माहीत हाय. तू कसा झोपतो ते एक दिवस सांगितलं का? आन् मी येडी रोज हसले. गल्लीत सांगत फिरले, माझं पोरगं मजेत हाय म्हणून."

दादाचं हसू आता गेलं होतं. त्यानं फोन थोडा खाली केला. पडद्यावर त्याच्या खोलीची भिंत तेवढी दिसायला लागली. भिंतीवर काही नव्हतं.

घड्याळाकडं बघायचं नाही असं मी ठरवलं होतं आणि तरी बघत होते. शेवटी अप्पांनी घरच्या रीतीनं विचारलं, पण या वेळी त्यांचा आवाज खाली होता. "वहिनी, मंग? तुम्हीच सांगा काय करायचं."

मोठी आई खाली बसली. डब्याचं झाकण लावून तिनं तो बाजूला सारला. मला वाटलं, संपलं. आपल्या हातानं आपण संपवलं.

"पाठवा तिला," ती म्हणाली.

"एकटीला?"

"एकटीला. भाऊजी, लांबची भीती न्हाई मला. तिच्या हातात आल्तं, अजून एक मिनिट गप बसली असती तर काम झालं असतं तिचं. न्हाई बसली." तिनं माझ्याकडं पहिल्यांदा बघितलं. "हिला तिथं रडू आलं तर ही आपल्याला सांगंल. ह्याचं मला दोन वर्षं कळलं न्हाई."

अप्पांनी लॅपटॉप माझ्याकडं सरकवला. "जल्दी कर. वेळ जाईल."

मी बटण दाबलं. त्या क्षणाची मी किती रात्री वाट बघितली होती, आणि तो झाला तेव्हा घरात कोणाचंच लक्ष नव्हतं. मोठी आई टेबलावरचा फोन उचलून स्वयंपाकघरात गेली होती. "हां, आता बोल," ती म्हणत होती. "त्या देशाचं एक अक्षर काढू नको. तुझं बोल."

आतून दादाचा आवाज आला. तो मोठ्यानं रडत होता, आणि मोठी आई त्याला रडू देत होती.